कृत्रिम बुद्धिमत्ता आणि प्राध्यापकाची जबाबदारी

या शाळेच्या वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासिकेची घंटा झाली की आम्ही वह्या घेऊन सभागृहात ओळीने बसत असू. निबंधाची वही गुरुजींकडे गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत येई. गुणांकडे आमचे लक्ष नंतर जाई. समासातील लाल शाईचा शेरा आम्ही आधी वाचत असू. 'हे वाक्य तुझे आहे का?' हा शेरा आमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आला. गाइडमधून उतरवलेले वाक्य गुरुजींना लगेच ओळखू येई, कारण त्यांनी आमची आधीची प्रत्येक वही वाचलेली असे. आमच्या घरी आमचे लिखाण वाचू शकेल असे कोणी नव्हते. आईने वही हातात घेऊन अक्षर चांगले आहे एवढेच म्हणावे. आपले लिखाण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा पहिला माणूस आम्हांला या शाळेत भेटला.

त्या अभ्यासिकेतील आम्ही काही जण आज महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत अध्यापन करीत आहोत. लाल पेन आता आमच्या हाती आहे. त्याच वेळी आमच्या टेबलावरील संगणकात असे एक यंत्र आले आहे की जे क्षणात टाचण काढते, प्रश्नसंच तयार करते, निबंधावर शेरा लिहिते आणि शिफारसपत्राचा मसुदाही देते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि पाठोपाठ अशी अनेक साधने आली. विद्यार्थ्यांनी ती कशी वापरावीत यावर पुष्कळ बोलले जाते. अध्यापकांनी ती कशी वापरावीत यावर त्या मानाने कमी बोलले जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. या शाळेतील मुले पुढे ज्या महाविद्यालयांत जातात, तेथे त्यांची उत्तरपत्रिका कोण वाचणार, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: अध्यापकाने आपले काही श्रम यंत्राकडे अवश्य सोपवावेत, निर्णय मात्र सोपवू नये. ज्या कागदाखाली आपली स्वाक्षरी आहे, त्यातील प्रत्येक ओळीचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

१. यंत्र काय करते?

या यंत्रांना प्रचंड प्रमाणात मजकूर पुरवून शिकवलेले असते. शब्दांच्या कोणत्या तुकड्यांनंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता अधिक, हे त्या मजकुरातून यंत्र आत्मसात करते आणि विचारलेल्या प्रश्नापुढे एकेक तुकडा जोडत उत्तर रचते. म्हणून त्याची भाषा ओघवती असते. उत्तर खरे आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. खरे उत्तर आणि खऱ्यासारखे दिसणारे उत्तर ही दोन्ही यंत्र सारख्याच आत्मविश्वासाने देते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. या यंत्रांना मिळालेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा त्या तुलनेत अल्प आहे. त्यामुळे ग्रामीण बोलीतील शब्द, आपल्या वस्त्यांतील संदर्भ, छोट्या नियतकालिकांतून झालेले लेखन यांविषयी यंत्राचे ज्ञान तोकडे असते. विद्यार्थ्याने आपल्या गावच्या बोलीत लिहिलेले एखादे सुंदर वाक्य त्याला अशुद्ध वाटू शकते. ज्या अध्यापकाने ती बोली ऐकली आहे, त्याच्याकडून ती चूक होणार नाही.

२. अवतरण आणि त्याचा पुरावा

आमच्यापैकी एकाने व्याख्यानाची तयारी करताना यंत्राला शिक्षणाविषयीची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वचने खंड व पृष्ठक्रमांकासह मागितली. यंत्राने ती तत्काळ दिली. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले लेखन आणि भाषणांचे खंड ग्रंथालयात होते. काढून पाहिले तर सांगितलेल्या पृष्ठावर त्या ओळी नव्हत्या. मागची-पुढची पाने चाळली, सूची पाहिली. त्या ओळी कोठेच सापडल्या नाहीत. त्या वाचायला मात्र अगदी बाबासाहेबांच्या वाटत होत्या. व्याख्यानाची घाई असती आणि खंड जवळ नसते, तर शंभर विद्यार्थ्यांच्या वह्यांत त्या बाबासाहेबांच्या नावावर उतरल्या असत्या.

हा दोष एका यंत्राचा किंवा एका विषयाचा नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला ५,००० डॉलरचा दंड केला. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी 'चॅटजीपीटी'ने दिलेले न्यायनिर्णय सादर केले होते; ते निर्णय कधी दिलेच गेले नव्हते. साधन वापरले म्हणून न्यायालयाने दोष दिला नाही. सादर केलेले निर्णय अस्तित्वात आहेत का याची खातरजमा वकिलांनी केली नाही आणि शंका उपस्थित झाल्यावरही ते त्यांनाच चिकटून राहिले, हा दोष होता.

प्राध्यापकाचे स्थान याहून वेगळे नाही. आता काही साधने महाजालावर शोध घेऊन दुवेही देतात. तरीही दुवा उघडून, यंत्राने सांगितलेली गोष्ट तेथे खरोखर आहे का, हे पाहणे चुकत नाही. संशोधन लेखनात तर ही बाब स्पष्ट झालेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने यंत्राला लेखक म्हणून मान्यता देता येणार नाही असे जाहीर केले. लेखक तोच, जो लिखाणाची जबाबदारी घेऊ शकतो. यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही, म्हणून ती नाव लावणाऱ्या माणसावर येते.

३. उत्तरपत्रिका आणि गुण

सर्वांत नाजूक प्रश्न मूल्यमापनाचा आहे. शंभर-सव्वाशे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असतो, गुण भरण्याची शेवटची तारीख जवळ आलेली असते आणि यंत्र म्हणते, 'मी तपासून देतो.' मोह होणे स्वाभाविक आहे. त्या वेळी इंग्लंडमधील एक अनुभव आठवावा.

२०२० साली महामारीमुळे तेथील शालान्त स्तरावरील 'ए-लेव्हल' परीक्षा रद्द झाल्या. या गुणांवर विद्यापीठ प्रवेश ठरतात. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातील क्रम कळवला. त्यावर परीक्षा नियामक संस्थेने एक गणिती सूत्र लावले आणि त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे वजन दिले. १३ ऑगस्ट रोजी निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणीपेक्षा खाली गेलेल्या होत्या. ज्या शाळेचा पूर्वीचा निकाल सामान्य, तेथील हुशार विद्यार्थ्याला शाळेच्या इतिहासाने मागे खेचले. फारच कमी विद्यार्थी असलेल्या विषयगटांत शिक्षकांचीच श्रेणी ग्राह्य धरली गेली, आणि असे छोटे गट खाजगी शाळांत अधिक होते. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि १७ ऑगस्ट रोजी, म्हणजे चार दिवसांत, ते निकाल मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य कराव्या लागल्या.

ते सूत्र आजच्या अर्थाने कृत्रिम बुद्धिमत्तेचे नव्हते. साधे सांख्यिकीचे होते. पण त्यातील धडा आपल्यासाठीच आहे. भूतकाळातील आकड्यांवर चालणारी कोणतीही व्यवस्था, ज्याच्या घराण्यात किंवा शाळेत पूर्वी कोणी पुढे गेले नाही, त्याच्याविषयी कमी अपेक्षा ठेवते. आपल्या शाळेतील कितीतरी मुले आपल्या घरातील पहिले पदवीधर झाली. आकड्यांच्या हिशेबात त्यांची शक्यता नगण्य होती. कोणीतरी त्यांची वही वाचली, म्हणून ती पुढे गेली.

घाईचा धडा आपल्याच राज्यात मिळाला आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्वत्र लागू केली. तपासणारी माणसेच होती. पण पूर्वतयारी अपुरी पडली, लाखो उत्तरपत्रिकांचे निकाल रखडले, अनेकांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि त्याच वर्षी कुलपतींना कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. साधन वाईट होते असे नाही. ते पेलण्याची व्यवस्था उभी राहण्याआधीच विद्यार्थी त्याच्या हवाली झाले.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. त्यात प्रवेश ठरविणाऱ्या आणि अध्ययनाचे मूल्यमापन करणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या वर्गात घातल्या असून त्यांच्यावर मानवी देखरेख आवश्यक मानली आहे. आपल्याकडे कायदा असो वा नसो, तत्त्व आपण स्वतःहून पाळू शकतो. बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे यंत्राने मोजावीत. त्यात विचाराचा प्रश्न नसतो. वर्णनात्मक उत्तर माणसाने वाचावे. यंत्राचे मत घ्यायचेच झाले, तर आपले गुण कागदावर लिहून झाल्यावर घ्यावे. आधी यंत्राचा आकडा पाहिला की मन त्या आकड्याभोवतीच फिरू लागते.

४. संशयाचा अहवाल

दुसरा मोह विद्यार्थ्याला पकडण्याचा आहे. लिखाण यंत्राने केले की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने बाजारात आहेत. अनेक महाविद्यालयांत त्यांची टक्केवारी पुरावा म्हणून समोर ठेवली जाते.

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत वाङ्मयचौर्याचे स्तर मजकुरातील साम्यावरून ठरतात. साम्याचा अहवाल कोणते वाक्य कोणत्या स्रोताशी जुळते ते दाखवतो. अध्यापक तो स्रोत उघडून पडताळू शकतो. यंत्रलेखन ओळखणारे साधन असा कोणताही स्रोत दाखवत नाही. वाक्ये किती अपेक्षित शब्दांनी बनली आहेत यावरून ते केवळ अंदाज बांधते. अंदाजाला पुरावा म्हणता येत नाही.

'चॅटजीपीटी' बनविणाऱ्या 'ओपनएआय' या संस्थेनेच असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये काढले आणि अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सात साधनांची परीक्षा घेतली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे, 'टोफेल' परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरविले गेले. ज्याचा इंग्रजी शब्दसंग्रह मर्यादित आहे, जो पाठ केलेली साधी वाक्यरचना वापरतो, त्याचे लिखाण या साधनांना यंत्राचे वाटते.

हा विद्यार्थी कोण, हे आपल्याला सांगावे लागत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून प्रथमच इंग्रजीत प्रकल्प लिहिणारे आपलेच मूल ते. रात्र-रात्र शब्दकोश घेऊन त्याने चार पाने लिहावीत आणि प्राध्यापकांनी अहवाल पुढे करून 'हे तुझे नाही' म्हणावे, याहून मोठा अपमान नाही.

आमच्या गुरुजींचा प्रश्नही तोच होता: 'हे वाक्य तुझे आहे का?' फरक असा की गुरुजी तो प्रश्न खरोखर विचारत आणि उत्तर ऐकून घेत. प्राध्यापकालाही हा मार्ग खुला आहे. शंका आली तर विद्यार्थ्याला बोलवावे, कच्चा मसुदा पाहावा, दहा मिनिटे त्या विषयावर बोलते करावे. ज्याने लिहिले आहे तो अडखळत का होईना, सांगतो. ज्याने लिहिले नाही त्यालाही आपली चूक सुधारण्याची संधी मिळते.

५. विद्यार्थ्याची माहिती आणि शिफारसपत्र

महाविद्यालयात विद्यार्थ्याची किती माहिती आपल्या हाती असते, याचा विचार करावा. नाव, जातीचा प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, आजारपणाचे प्रमाणपत्र, घरची परिस्थिती सांगणारे एखादे खाजगी पत्र. तक्ता लवकर व्हावा म्हणून ही संपूर्ण यादी फुकट मिळणाऱ्या साधनात टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. ती माहिती कोठे साठते आणि पुढे कशासाठी वापरली जाते, यावर आपले नियंत्रण राहत नाही. आपल्या देशात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण कायद्याच्याही आधी विश्वासाचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याने ही माहिती महाविद्यालयाला दिलेली असते. परीक्षणासाठी आलेल्या अप्रकाशित प्रबंधालाही हाच न्याय लागू आहे. तो संशोधकाचा कित्येक वर्षांचा ठेवा असतो.

शिफारसपत्राविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे आपली मुले आता दूरदूरच्या विद्यापीठांत अर्ज करतात, आणि तेथे प्राध्यापकांचे पत्र लागते. यंत्राकडून पत्र लिहून घेतले की प्रत्येक विद्यार्थी 'मेहनती, प्रामाणिक व जिज्ञासू' होतो. पत्र निर्दोष इंग्रजीत असते आणि त्यात त्या मुलीविषयी काहीही नसते. ती सकाळी कामावर जाऊन अकराच्या तासाला धापा टाकत येत होती आणि तरीही पहिल्या बाकावर बसत होती. तिने एका चर्चेत आमचीच चूक दाखवून दिली होती. हे यंत्राला ठाऊक नसते. ते आम्ही पाहिलेले असते. तेवढे चार ओळींत मोडक्या इंग्रजीत लिहिले, तरी ते पत्र अधिक मोलाचे. भाषा सुधारून घेण्यासाठी, नाव-गाव वगळून, यंत्राची मदत घेण्यास हरकत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. दुसऱ्या एका विद्यापीठातील कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना सांत्वनाचे पत्र पाठवले. त्याच्या तळाशी ते 'चॅटजीपीटी'च्या आधारे लिहिल्याची नोंद होती. विद्यार्थी दुखावले आणि कार्यालयाला क्षमा मागावी लागली.  दुःखाच्या वेळी कोणीतरी स्वतः बसून आपल्यासाठी चार शब्द लिहावेत, एवढीच विद्यार्थ्यांची अपेक्षा होती.

६. यंत्राची मदत कोठे घ्यावी?

येथवर वाचून आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत असा समज होऊ नये. आमच्यापैकी अनेक जण ते रोज वापरतात. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक दोन-दोन महाविद्यालयांत धावतो. त्याचा वेळ वाचत असेल तर तो वाचलाच पाहिजे. अहवालाचा आराखडा, वेळापत्रकाची जुळवाजुळव, सूचनापत्रे, एकाच संकल्पनेवर सोपे-मध्यम-कठीण असे सरावाचे प्रश्न, या कामांत यंत्र उत्तम मदतनीस आहे.

विशेष उपयोग भाषेचा आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील अवघड उतारा सोप्या मराठीत समजावून घेण्यासाठी, दोन्ही भाषांतील पारिभाषिक शब्दांची यादी करण्यासाठी, दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी टाचण ऐकता येईल अशा रूपात देण्यासाठी ही साधने मोलाची आहेत. केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा भारतीय भाषांतील अनुवादाचा उपक्रमही याच दिशेचा आहे. अर्थात अनुवाद वाचून, दुरुस्त करूनच वर्गात न्यावा. वाचलेल्या वेळाचे काय करायचे, हेही ठरवावे. तो वेळ विद्यार्थ्यांच्या वह्यांसाठी खर्च झाला, तर यंत्राचा उपयोग सार्थकी लागला.

७. पंचसूत्री

वरील विवेचनाचे सार पाच सूत्रांत असे सांगता येईल:

१. जे आपण पूर्ण वाचलेले नाही, त्याखाली स्वाक्षरी करू नये.

२. प्रत्येक अवतरण, आकडा आणि संदर्भ मूळ ठिकाणी पाहावा. सापडला नाही तर वगळावा.

३. गुण माणसाने द्यावेत आणि विद्यार्थ्याने विचारले असता त्यांचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगता यावे.

४. विद्यार्थ्याचे नाव, प्रवर्ग, आजार, आर्थिक स्थिती आणि अप्रकाशित लिखाण यंत्राच्या हवाली करू नये.

५. यंत्राची मदत घेतली असेल तर ती मोकळेपणाने सांगावी. विद्यार्थ्यांना मनाई आणि आपल्याला मुभा, असा दुजाभाव ठेवू नये. बोस्टन शहरातील एका विद्यापीठात हे प्रकरण शुल्क परत मागण्यापर्यंत गेले. विद्यार्थ्यांवर निर्बंध घालणाऱ्या प्राध्यापकाची टाचणे यंत्राच्या साहाय्याने झालेली आढळली, तेव्हा विद्यार्थिनीने तक्रार केली. विद्यापीठाने शुल्क परत केले नाही. पण वर्गातील विश्वासाला गेलेला तडा कोणत्या निर्णयाने सांधणार?

पालक आणि माजी विद्यार्थ्यांसाठी चार प्रश्न

आपला पाल्य ज्या महाविद्यालयात शिकतो, तेथील पालक सभेत पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. अंतर्गत मूल्यमापनाची उत्तरे कोण वाचते? यंत्राच्या अहवालावरून विद्यार्थ्यावर आरोप झाला, तर त्याचे म्हणणे ऐकण्याची सोय काय आहे? विद्यार्थ्यांची माहिती कोणत्या साधनांत भरली जाते? आणि अध्यापकांनी ही साधने कशी वापरावीत याचा लेखी नियम महाविद्यालयाने केला आहे का? प्रश्न विचारण्यास संकोच वाटू नये. आपण फारसे शिकलेलो नाही, ही बाब हे प्रश्न विचारण्याच्या आड येत नाही.

आमच्यापैकी काहींनी त्या जुन्या वह्या अजून जपून ठेवल्या आहेत. शाई फिकट झाली आहे. शेरे वाचता येतात. गुरुजींचा प्रश्न आता आम्हांला उद्देशून आहे. टाचण असो, शेरा असो वा शिफारसपत्र, खाली नाव लिहिण्यापूर्वी आम्ही तो स्वतःला विचारतो. आमच्या वर्गात बसलेल्या कोणा तरी मुलाचे लिखाण पूर्ण वाचणारा पहिला माणूस होण्याची पाळी आता आमची आहे. ती आम्ही नीट पार पाडू, एवढे वचन या स्मरणिकेच्या निमित्ताने आमच्या शाळेला देतो.